भाताच्या खोडाचे बळ आणि हवामान : अंजनवेल परिसराच्या आधारे एक विवेचन

कापणीला आठ-दहा दिवस उरले असताना उभे भात आडवे पडणे ही कोकणातील शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्षअखेरची आपत्ती होय. राब, पेरणी, लावणी, बेणणी यांवरील खर्च आणि श्रम तोपर्यंत होऊन गेलेले असतात. पीक पदरात पडावयाचे तेवढे राहिलेले असते. पडलेल्या भाताच्या लोंब्या चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात टेकतात, दाणा काळवंडतो, पुष्कळदा लोंबीवरच त्याला मोड येतात, आणि पेंढा कुजल्यामुळे गुरांच्या वैरणीचाही प्रश्न उभा राहतो. अशा वेळी 'वाऱ्यापावसाने भात पाडले' हे वाक्य गावोगाव ऐकू येते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. एकाच वाऱ्यात आणि एकाच पावसात बांधाच्या एका बाजूचे भात लोळते व दुसऱ्या बाजूचे उभे राहते, ही नित्य अनुभवाची गोष्ट आहे. दोन्ही बाजूंना वारा सारखाच असतो. भेद असतो तो खोडात.

हवामानाचा भाताच्या खोडाशी दोनदा संबंध येतो. पहिल्यांदा खोड घडत असताना आणि दुसऱ्यांदा ते कोसळत असताना. दुसरा प्रसंग सर्वांच्या डोळ्यांसमोर घडतो, म्हणून सर्व दोष त्याच्याकडे जातो. पहिला प्रसंग मात्र दोन-अडीच महिने आधी, हिरव्यागार शेतात, कोणाच्याही लक्षात न येता घडून गेलेला असतो. ऑक्टोबरात पडणाऱ्या भाताचे दौर्बल्य बव्हंशी जुलै-ऑगस्टच्या हवामानात निर्माण होते, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे. तो नीट ध्यानात घेतल्यास उपायांची जागा आणि वेळ ही दोन्ही बदलतात.

स्थल आणि ऋतुमान

अंजनवेल हे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात, वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, दाभोळ खाडीच्या दक्षिण तीरावर वसलेले आहे. समोर उत्तर तीरावर दाभोळ बंदर आणि खाडीच्या तोंडावर नजर ठेवणारा गोपाळगड, अशी त्याची स्थिती आहे. स्थूलमानाने १७ अंश ३५ कला उत्तर अक्षांशावरील या किनारपट्टीत जांभ्या दगडाचा सडा, त्याच्या उतारावरील पायऱ्यापायऱ्यांची खाचरे, घळींच्या तळातील पाणथळ मळे आणि खाडीलगतच्या खार जमिनी हे सर्व प्रकार थोडक्या अंतरात आढळतात. प्रस्तुत विषयाच्या अभ्यासाला असे स्थान फार सोयीचे आहे. पाऊस, ढग आणि उष्णमान सर्वत्र जवळजवळ सारखे असते. पाण्याची खोली, जमिनीचा कस आणि वाऱ्याला असलेला उघडेपणा मात्र खाचराखाचरांत बदलतो.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरीने ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्यातील फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्यांतही जुलै हा सर्वांत ओला महिना असतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला की रोपे तयार करण्यासाठी पेरणी होते, आणि जुलैत लावणी होते. जुलै आणि ऑगस्ट या महिन्यांत आकाश ओळीने कित्येक दिवस मेघाच्छादित राहते. समुद्रसान्निध्यामुळे रात्री विशेष थंड होत नाहीत. जुलैत दिवसाच्या कमाल आणि रात्रीच्या किमान उष्णमानांतील अंतर अवघे चार-पाच अंश सेल्सिअस असते. सप्टेंबरात उघडीप मिळू लागते. ऑक्टोबरात ऊन कडक होते, परंतु त्याच महिन्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस व सोसाट्याचे वारे येतात आणि अरबी समुद्रातील चक्रीवादळांचा पावसाळ्यानंतरचा काळही सुरू होतो. थोडक्यात, खोड घडण्याच्या वेळी प्रकाश कमी आणि खोडावर भार येण्याच्या वेळी वारा अधिक, असे या किनाऱ्याचे ऋतुमान आहे.

खोडाची रचना आणि बलाचा हिशेब

भाताचे खोड पोकळ असते. त्यावर ठराविक अंतराने गाठी असतात आणि दोन गाठींमधील भागाला कांडे म्हणतात. प्रत्येक कांड्याभोवती पानाच्या देठाकडील भागाचे, म्हणजे पर्णकोषाचे, वेष्टन असते. लावणीनंतर बराच काळपर्यंत खरे खोड जमिनीलगतच दडलेले असते. वर दिसते ते एकात एक गुंडाळलेल्या पर्णकोषांचे नुसते सोंग होय. लोंबीचा सूक्ष्म अंकुर तयार होऊ लागण्याच्या सुमारास, म्हणजे निसवणीपूर्वी साधारण एक महिना, खालची कांडी लांबू लागतात. प्रथम खालचे, मग त्यावरचे, आणि शेवटी लोंबीला उचलून धरणारे वरचे कांडे अशा क्रमाने हे लांबणे होते. खालची कांडी एकदा लांबून कठीण झाली की त्यांची लांबी आणि जाडी पुढे बदलत नाही. सर्व भार मात्र त्यांनाच पेलावयाचा असतो. लावणीचे भात लोळते तेव्हा ते बहुधा याच खालच्या कांड्यांत वाकते किंवा मोडते.

खोडावर येणारा ताण मोजण्यासाठी नमन परिबल ही राशी वापरतात. विचाराधीन कांड्याच्या वरील भागाचे ताजे वजन आणि तेथून लोंबीच्या टोकापर्यंतची लांबी यांचा गुणाकार म्हणजे हे परिबल होय. कांडे मोडण्यास जेवढे परिबल लागते त्याला भंग परिबल म्हणतात. जपानमध्ये सेको यांनी १९६२ साली पहिल्या राशीला दुसरीने भागून शंभराने गुणण्याची, म्हणजे लोळण्याचा निर्देशांक काढण्याची, पद्धत रूढ केली. निर्देशांक जितका मोठा तितके पीक पडण्याचा संभव अधिक. भंग परिबल पुन्हा दोन गोष्टींवर अवलंबून असते : कांड्याच्या छेदाचा आकार आणि ते ज्या द्रव्याचे बनले आहे त्या द्रव्याचा कणखरपणा. पोकळ नळीच्या बाबतीत छेदाचा प्रभाव व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे डोळ्यांना न जाणवणारा फरक बलाच्या दृष्टीने मोठा ठरतो.

एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. एका खोडाच्या खालच्या कांड्याचा बाहेरील व्यास ५ मिलिमीटर व आतील व्यास ४ मिलिमीटर आहे असे मानू. त्याचा छेद-गुणांक सुमारे ७.२ घन मिलिमीटर येतो. दुसऱ्या खोडाचा बाहेरील व्यास ४.५ व आतील ३.७ मिलिमीटर असेल, तर तोच गुणांक सुमारे ४.९ घन मिलिमीटर भरतो. व्यास केवळ एक-दशांशाने आणि भिंतीची जाडी एक-पंचमांशाने घटली, परंतु बळ एक-तृतीयांशाने गेले. आता भाराकडे पाहू. पहिल्या खोडाचा वरील भाग १०० सेंटिमीटर लांब आणि १२ ग्रॅम वजनाचा असल्यास नमन परिबल १,२०० ग्रॅम-सेंटिमीटर होते. दुसरे खोड १५ सेंटिमीटरांनी अधिक वाढलेले असून त्याच्या पानांवर व लोंबीवर पावसाचे ३ ग्रॅम पाणी साचले असेल, तर तेच परिबल ११५ गुणिले १५, म्हणजे १,७२५ ग्रॅम-सेंटिमीटर होते.

दोन्ही बाजू एकत्र केल्या म्हणजे दुसऱ्या खोडाचा निर्देशांक पहिल्याच्या दुपटीहून थोडा अधिक येतो. या वाढीची फोड करणे उद्बोधक आहे. पडण्याच्या दिवशीच्या पावसाचे पाणी निर्देशांकाला १.२५ पटीने वाढविते. उंची व छेद यांतील फरक, म्हणजे घडणीच्या काळातील फरक, त्याला सुमारे १.७ पटीने वाढवितो. दोन्ही खोडांचे द्रव्य सारख्याच कणखरपणाचे आहे असे येथे गृहीत धरले आहे. ते मऊ असेल तर घडणीचा वाटा आणखी मोठा होईल.

घडणीचा काळ : प्रकाश, उष्णमान, पाणी आणि वारा

खोडाच्या घडणीवर सर्वांत मोठा परिणाम प्रकाशाचा होतो. कांड्याच्या भिंतीतील पेशींना बळकटी येते ती सेल्युलोज आणि लिग्निन या द्रव्यांमुळे, आणि ही द्रव्ये प्रकाशसंश्लेषणात तयार झालेल्या शर्करेपासून बनतात. आकाश दिवसेंदिवस झाकलेले राहिले म्हणजे शर्करेचा पुरवठा कमी पडतो आणि भिंती पातळ राहतात. याच्या जोडीला दुसरी क्रिया घडते. दाट पिकात पानांतून झिरपत खाली येणाऱ्या प्रकाशात तांबड्या किरणांचे प्रमाण फार कमी झालेले असते, कारण पाने तेच किरण शोषून घेतात. हा बदल वनस्पतीला जाणवतो आणि शेजाऱ्याच्या सावलीतून वर निघण्यासाठी ती आपली कांडी लांबविते. म्हणजे ज्या वेळी द्रव्य कमी असते त्याच वेळी ते अधिक लांबीवर पसरले जाते. ढगाळ हवा, दाट लावणी आणि नत्राची अधिक मात्रा या तीन गोष्टी एकत्र आल्या की पीक गर्द हिरवे, उंच आणि दिसण्यास अतिशय जोमदार होते. नेमके तेच पुढे लोळते. शेताच्या हिरवेपणावरून खोडाच्या बळाचा अंदाज करणे म्हणूनच फसवे ठरते.

उष्णमानाचा परिणाम दुहेरी आहे. उबदार हवेत कांडी वेगाने लांबतात. आणि रात्री उष्ण असल्या की दिवसा जमविलेल्या शर्करेचा मोठा अंश श्वसनात खर्च होतो. किनाऱ्यावरील पावसाळी रात्रींचे उष्णमान दिवसाच्या मानाने फारसे उतरत नाही, ही गोष्ट वर सांगितलीच आहे. त्यामुळे प्रकाशाच्या अभावाने आधीच तुटपुंज्या झालेल्या साठ्याला रात्रीची गळतीही सोसावी लागते.

पाण्याच्या खोलीचा परिणाम समजण्यासाठी एका जुन्या शोधाचा उल्लेख आवश्यक आहे. भाताच्या एका रोगात रोपे अतोनात उंच व फिकट होऊन आडवी पडतात. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने फॉर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानात, असे दाखवून दिले की, या रोगाच्या बुरशीतून स्रवणारे द्रव्यच ही वाढ घडवून आणते. पुढे या द्रव्याला जिबरेलिन हे नाव मिळाले, आणि निरोगी वनस्पतीही हेच संप्रेरक स्वतः तयार करतात असे आढळून आले. पाणथळ मळ्यांत खोडाचा तळ दीर्घ काळ खोल पाण्यात राहिला म्हणजे तेथे तयार होणारा एथिलीन वायू बाहेर निसटू शकत नाही. तो साचतो आणि त्याच्या योगे जिबरेलिनची क्रिया वाढून खालची कांडी लांबतात. बुडण्यापासून बचाव करण्याची ही वनस्पतीची स्वाभाविक युक्ती होय. परंतु पाणी ओसरल्यावर तीच लांब व सडपातळ कांडी वरील सर्व भाराखाली येतात. खोल मळ्यातील भात उतारावरील खाचरातील भातापेक्षा अधिक लोळण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. पाण्याखाली राहिलेली मऊ माती मुळांना घट्ट धरीत नाही, हे दुसरे.

वाऱ्याविषयी मात्र सर्वसामान्य समजुतीला छेद देणारी गोष्ट सांगावी लागते. माफक वारा खोडाचा शत्रू नसून शिक्षक आहे. वनस्पतीला वारंवार हालविल्यास किंवा स्पर्श केल्यास तिची उंची कमी राहते आणि खोड जाड होते, हे अमेरिकन शास्त्रज्ञ जाफे यांनी १९७३ साली अनेक वनस्पतींवरील प्रयोगांनी मांडले. डोलणाऱ्या पिकात हवाही खेळती राहते. अर्थात ही गोष्ट माफक वाऱ्यापुरतीच खरी. खाडीच्या तोंडाशी, समुद्राकडे उघड्या असलेल्या खाचरांत पावसाळी झोत पाने फाडून टाकतात आणि खारे तुषार पानांची टोके करपवितात. तेथे फायद्याच्या आधी तोटाच पदरी पडतो.

जमिनीच्या द्वारे होणारा परिणाम

पावसाचा आणखी एक परिणाम फार सावकाश, परंतु तितक्याच निश्चितपणे होतो. जांभ्या खडकाची उत्पत्तीच मुळी अतिवृष्टीची आहे. उष्ण व अतिवृष्टीच्या हवामानात खडकांतील सिलिका आणि क्षार युगानुयुगे धुपून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची प्राणिदे मागे राहतात. सड्याचा तांबडा रंग ही त्याचीच खूण होय. अशा जमिनीतून झाडाला मिळणारी सिलिका आणि पालाश ही दोन्ही बेताचीच असतात.

भाताला या उणिवेचा विशेष फटका बसतो, कारण सिलिका मोठ्या प्रमाणावर शोषून घेणाऱ्या वनस्पतींत भात अग्रगण्य आहे. मुळांतून सिलिका आत घेण्यास कारणीभूत असलेले एक जनुक जपानी शास्त्रज्ञ मा व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली प्रसिद्ध केले. आत घेतलेली सिलिका बाष्पोच्छ्वासाच्या प्रवाहाबरोबर वर चढते आणि पानांच्या व पर्णकोषांच्या बाह्य थरांत साचून त्यांना ताठरपणा आणते. हवा संपृक्त आणि आकाश झाकलेले असले म्हणजे बाष्पोच्छ्वास मंदावतो व हे साचणेही मंदावते. म्हणजे पावसाने युगानुयुगे जमिनीतील सिलिका धुऊन नेलेली, आणि चालू हंगामातील दमट हवेने उरलेली सिलिका वर चढण्यास अडथळा केलेला, अशा दुहेरी कात्रीत येथील भाताचे खोड सापडते. पालाश कमी पडल्यास कांड्याच्या भिंती पातळ राहतात आणि खालची पाने व पर्णकोष अकाली वाळतात. जिवंत, घट्ट पर्णकोष हा खोडाच्या बळाचा मोठा भागीदार असतो. तो वाळला की उघड्या कांड्यावर सर्व भार येतो.

कोसळण्याचा काळ

निसवणीनंतर खोडाच्या स्थितीत मूलभूत पालट होतो. तोपर्यंत खोडात आणि पर्णकोषात साठविलेले पिष्टद्रव्य दाण्यांकडे वाहू लागते. लोंबी जड होत जाते आणि तिला पेलणारे खोड आतून रिते होत जाते. पक्वतेच्या वेळी भार सर्वाधिक आणि आधार सर्वांत कमी अशी अवस्था येते. दाणे भरण्याच्या काळात सूर्यप्रकाश चांगला मिळाला तर पाने ताजी शर्करा पुरवितात आणि खोडावरील ही ओढ सौम्य होते; तो काळही ढगाळ गेला तर दाण्यांची भूक खोडाच्या साठ्यावरच भागवावी लागते.

अशा अवस्थेत पाऊस आणि वारा एकत्र येतात. पाऊस लोंब्या व पाने भिजवून वजन वाढवितो आणि माती मऊ करतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. एकदा काही खोडे झुकली की त्यांचा भार शेजारच्या खोडांवर येतो आणि पट्टेच्या पट्टे आडवे होतात. आडव्या पिकात पाने एकमेकांखाली दबून प्रकाशाला मुकतात. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सेटर व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली दाखविल्याप्रमाणे, ही परस्परांवरील सावली हेच उत्पन्न घटण्याचे एक मुख्य कारण असते. पीक पक्वतेच्या किती आधी पडले यावर नुकसानीचे प्रमाण अवलंबून राहते.

मोठ्या वादळांपुढे खोडाच्या बळाला मर्यादा आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु वादळाचा काळही तितकाच महत्त्वाचा ठरतो. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने उत्तर रत्नागिरीतील नारळी-पोफळीच्या बागांची अपरिमित हानी केली. भात मात्र त्या वेळी शेतात उभेच नव्हते. उलट ऑक्टोबर २०१९ मधील 'क्यार' हे वादळ किनाऱ्यावर न येता अरबी समुद्रातून पश्चिमेकडे निघून गेले, तरी त्याच्या अनुषंगाने झालेल्या पावसाने व वाऱ्याने कोकणातील कापणीला आलेल्या भाताचे मोठे नुकसान झाले. ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आलेले 'फयान' हेही हंगामाच्या अखेरचेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेने २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली. भार वाढण्याचा संभव असा वाढत असताना आधाराकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

हळवे, निमगरवे आणि गरवे

वरील दोन्ही काळ पिकाच्या मुदतीप्रमाणे सरकतात. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस पेरणी झाली असे धरून हिशेब करता येईल. सुमारे ११५ दिवसांचे हळवे भात सप्टेंबरअखेर तयार होते. ते ऑगस्टच्या अखेरीस निसवते, आणि त्याची कांडी जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून लांबू लागतात. म्हणजे त्याचे खोड वर्षातील सर्वांत अंधाऱ्या काळात घडते. मात्र ऑक्टोबरातील वादळी हवेपूर्वी त्याची कापणी उरकण्याचा संभव असतो. सुमारे १४५ दिवसांच्या गरव्या भाताची कांडी ऑगस्टच्या अखेरीपासून लांबतात, म्हणजे त्यांना सप्टेंबरातील उघडिपीचा लाभ होतो. परंतु त्याची लोंबी संपूर्ण ऑक्टोबर महिना उभी राहून वाऱ्याची वाट पाहत असते. निमगरवे या दोहोंच्या मध्ये येते.

यावरून असे दिसते की, हळव्या जातींत घडणीचा धोका मोठा आणि गरव्या जातींत कोसळण्याचा धोका मोठा असतो. तेव्हा दोहोंचा उपाय एकच असू शकत नाही. हळव्या भातात प्रकाश मिळविण्याकडे, म्हणजे लावणीच्या अंतराकडे व नत्राच्या वेळेकडे, लक्ष पुरवावे लागेल. गरव्या भातात बुटकेपणा, पर्णकोषांचे आरोग्य आणि वेळेवर कापणी यांकडे.

बुटक्या जाती आणि त्यांची मर्यादा

लोळण्याच्या प्रश्नावर विसाव्या शतकात सापडलेले सर्वांत प्रभावी उत्तर म्हणजे बुटकी जात होय. पटणी, कोळंबा, वाकसाळ यांसारख्या कोकणातील जुन्या जाती उंच वाढत. नत्राची मात्रा वाढविली की त्या पडत. तैवानमधील डी-जिओ-वू-जेन या बुटक्या जातीपासून ताइचुंग नेटिव्ह-१ आणि १९६६ साली आयआर-८ या जाती निघाल्या. भारतात १९६८ साली जया ही जात प्रसृत झाली आणि कोकणातही ती रुजली. हा बुटकेपणा ज्या जनुकामुळे येतो ते जिबरेलिनच्या निर्मितीतील एका विकराशी संबंधित असल्याचे २००२ साली सिद्ध झाले. कुरोसावा यांना बुरशीत आढळलेले द्रव्य आणि बुटक्या भाताचे रहस्य ही अशा रीतीने एकाच नाण्याच्या दोन बाजू ठरली. कर्जत, रत्नागिरीजवळील शिरगाव व पनवेल येथील संशोधन केंद्रांनी, आणि १९७२ साली दापोली येथे स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने, स्थानिक हवामानाला व खार जमिनींना मानवतील अशा अनेक जाती पुढे दिल्या.

तथापि बुटकेपणा हे हिशेबाच्या एकाच बाजूचे उत्तर आहे. त्याने लांबी, आणि म्हणून नमन परिबल, कमी होते. कांड्याचा छेद त्यामुळे आपोआप वाढत नाही. उंची कमी झाली म्हणून लावणी अधिक दाट करावी व नत्र अधिक द्यावे, असे केल्यास मिळविलेले बळ पुन्हा गमावले जाते. शिवाय पेंढा हीच ज्यांच्या गुरांची वैरण आहे त्या शेतकऱ्यांना अतिबुटकी जात नको असते. म्हणून अलीकडील संशोधन खोडाच्या जाडीकडे वळले आहे. ओकावा व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली खोड जाड करणारे एक जनुक वेगळे काढून दाखविले. उंची फारशी न घटविता भंग परिबल वाढविण्याची ही दिशा कोकणाच्या दृष्टीने विशेष आशादायक आहे.

मशागतीतील उपाय

हवामान बदलणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु हवामानाचा खोडावरील परिणाम ज्या वाटांनी होतो त्या वाटा पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहेत. कोकणात प्रसार पावलेली चारसूत्री लागवड या दृष्टीने अभ्यासनीय आहे. भाताच्या तुसाची राख व पेंढा यांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, नियंत्रित अंतरावरील लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या जमिनीत खोचणे ही तिची चार सूत्रे होत. सामान्यतः उत्पन्नवाढीची पद्धत म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. परंतु वर सांगितलेल्या कारणांशी ताडून पाहिल्यास ती खोडाच्या बळाचीही पद्धत असल्याचे आढळून येते.

तुसाच्या राखेतून आणि पेंढ्यातून जांभ्या जमिनीला उणी असलेली सिलिका व पालाश परत मिळतात. परंपरागत राब भाजणीतही राखेचा हा लाभ अंशतः होत असे. आलटून पालटून १५ व २५ सेंटिमीटर अंतरावर चूड लावल्याने ओळींमधून प्रकाश खालच्या कांड्यांपर्यंत पोहोचतो. चार चुडांच्या प्रत्येक लहान चौकोनात एक याप्रमाणे हेक्टरी ६२,५०० ठिकाणी २.७ ग्रॅमची गोळी, म्हणजे एकूण सुमारे १६९ किलोग्रॅम खत, जमिनीत खोलवर जाते. ते मुसळधार पावसात वाहून जात नाही आणि नत्राचा पुरवठा हळूहळू होतो. वरून फेकलेल्या युरियाने येणारी एकदम वाढ टळते.

नत्राच्या वेळेचे महत्त्व जपानी शास्त्रज्ञ मात्सुशिमा यांनी फार पूर्वीच विशद केले होते. खालची कांडी लांबण्याच्या सुमारास नत्राचा पुरवठा आवरता घेतला म्हणजे ती आखूड व घट्ट राहतात. म्हणून वरखत द्यावयाचे असल्यास ढगाळ आठवड्यात आणि कांडी सुटण्याच्या तोंडावर ते देऊ नये. पाणथळ मळ्यांत त्याच सुमारास, शक्य होईल तेथे, बांधाला वाट करून काही दिवस पाणी उतरवावे. त्यामुळे कांड्यांचे लांबणे रोखले जाते आणि मुळे घट्ट धरतात. समुद्राकडे उघड्या खाचरांसाठी आखूड व लवकर येणारी जात आणि आडोशाच्या मळ्यांसाठी निमगरवी जात, अशी निवड एकाच गावातही युक्त ठरेल. कापणीच्या वेळी सर्व दाणे पिवळे होण्याची वाट न पाहता, लोंबीच्या बुडाकडील थोडे दाणे हिरवट असतानाच विळा लावणे हा शेवटचा, परंतु बिनखर्चाचा उपाय होय.

निष्कर्ष

भाताचे लोळणे ही एका दिवसाची घटना नसून एका हंगामाचा परिणाम आहे. प्रकाशाची उणीव, उबदार रात्री, खोल पाणी आणि जांभ्या जमिनीचे दारिद्र्य या चार गोष्टी खोडाचे बळ ठरवितात. पाऊस व वारा त्या बळाची परीक्षा घेतात. परीक्षेचा दिवस नोंदला जातो, तयारीचे महिने नोंदले जात नाहीत. हवामान केंद्रे वाऱ्याचा कमाल वेग लिहून ठेवतात आणि नुकसानीचे पंचनामे पडलेल्या क्षेत्राची मोजणी करतात; या दोहोंच्या जोडीला निसवणीच्या वेळी खालच्या दोन कांड्यांची लांबी, व्यास, भिंतीची जाडी आणि भंग परिबल यांची मोजमापे घेतली गेली, तर कोणते खाचर धोक्यात आहे हे महिनाभर आधी सांगता येईल. त्यासाठी लागणारी साधने साधीच आहेत : मोजपट्टी, सूक्ष्ममापी आणि ताणकाटा. अंजनवेलसारख्या गावात सड्याचा उतार, पाणथळ मळा आणि खार जमीन यांतील एकाच जातीच्या भाताची अशी तुलना दोन-तीन हंगाम केल्यास पदव्युत्तर अभ्यासाला पुरेल एवढी सामग्री हाती येईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जुलै-ऑगस्टच्या काळोख्या आठवड्यांत काय करावयाचे याचे नेमके उत्तर शेतकऱ्याला वेळेवर मिळू शकेल.